ठाणे-कल्याणची डीसी लोकल

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने एक गाडी कुर्ल्याला गेली. भारतात विजेवर धावलेली ही पहिली रेल्वेगाडी. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. तारेतला विजेचा दाब होता १५०० व्होल्ट आणि प्रवाह होता दिष्ट, म्हणजे डीसी. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री याच मार्गावर, उलट्या दिशेने, कुर्ल्याहून मुंबईला शेवटची डीसी लोकल गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी वाहू लागला. एक्क्याण्णव वर्षे चाललेली एक रेल्वे त्या रात्री बंद झाली.

बंद झाली, हा शब्द वाचून काही वाचक अडखळतील. लोकल तर रोज धावते आहे! मग बंद काय झाले?

विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांच्या 'शकुंतले'चे उदाहरण घेऊ. १५ एप्रिल १९९४ ला तिचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले, डिझेलचे इंजिन आले, आणि पुढे गाड्याच थांबल्या. अशा वेळी गाव हळहळते, वर्तमानपत्रे लिहितात, छायाचित्रकार येतात. आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात तसे काही झाले नाही. रूळ, स्थानके, वेळापत्रक, गर्दी, सगळे होते तिथेच राहिले. बदलली ती तारेतली वीज, तिच्यासाठी उभारलेली सगळी यंत्रणा, आणि त्या विजेवरच चालू शकणाऱ्या गाड्या. हा बदल फार थोड्यांनी पाहिला. आम्ही तिघे मित्र डोंबिवलीत वाढलो, तिघेही विज्ञान शिकलो, आणि तरी आमच्या डोंबिवलीचा मार्ग बदलला त्या रविवारी आम्ही घरी झोपलो होतो. 'मेगाब्लॉक आहे' एवढेच आम्हांला ठाऊक होते. त्याआधीची दोन-तीन वर्षे मात्र आम्ही जुन्या लोकलची छायाचित्रे घेत हिंडत होतो. त्या छायाचित्रांतून काय हाती लागले आणि काय निसटले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी मागची हकीकत. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी ठाण्याला आली, हे आपण शाळेत शिकवतोच. ठाण्यापुढे खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ ला सुरू झाला. एक वर्षाचा हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. कल्याणला मार्ग फुटतो. एक फाटा कसारा घाटाने इगतपुरीकडे जातो आणि दुसरा कर्जतवरून भोर घाटाने पुण्याकडे. दोन्ही घाटांत चढ ३७ फुटांना १ फूट. रेल्वेच्या मानाने हा फारच उभा चढ आहे. वाफेची इंजिने तिथे धापा टाकत. ठाण्याजवळचा पारसिक बोगदा १९१६ मध्ये खुला झाला. सव्वा किलोमीटरहून लांब असलेल्या या बोगद्यात धुराचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. शहराची वाढती वर्दळ, घाट आणि धूर या तिन्हींवर उपाय म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या 'जीआयपी'ने, विजेचा मार्ग धरला. १९२० च्या दशकातच विजेच्या गाड्या कल्याणपर्यंत आल्या. १९३० पर्यंत तारा एका बाजूला इगतपुरीला आणि दुसऱ्या बाजूला पुण्याला पोचल्या. १ जून १९३० ला 'दख्खनची राणी' सुरू झाली.

एवढी वीज आणायची कोठून? टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोली आणि भिवपुरीला होतीच. पण जीआयपीने कल्याणजवळ ठाकुर्लीच्या चोळे गावी स्वतःचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारले. जवळ उल्हास नदीचे पाणी, आणि कोळसा आणायला दारात स्वतःचीच रेल्वे! 'चोळा पॉवर हाउस' या नावाने ते ओळखले जाई. जुने डोंबिवलीकर अजूनही त्या भागाला 'पॉवर हाउस' म्हणतात, आणि नवे रहिवासी 'कसले पॉवर हाउस?' असे विचारतात. ते १९८० च्या दशकात बंद पडले.

आता विजेकडे वळू. १९२० च्या सुमारास डीसीच का निवडली? कारण मोटर. गाडी जागची हलवताना सर्वांत जास्त जोर लागतो आणि नेमका तेव्हाच सर्वांत जास्त जोर देणारी मोटर म्हणजे डीसीची 'सिरीज' मोटर. हिच्यात फिरणारे वेटोळे आणि चुंबक तयार करणारे वेटोळे एकापाठोपाठ जोडलेले असते. मोटर थांबलेली असताना प्रवाह प्रचंड वाहतो आणि जोरही प्रचंड मिळतो. मोटर फिरू लागली की ती जनित्रासारखी वागून उलट दिशेचा विभव निर्माण करते आणि प्रवाह आपोआप कमी होतो. सुरुवातीचा प्रवाह इतका असतो की त्याला आवर घातला नाही तर मोटर जळेल. म्हणून जुन्या लोकलमध्ये प्रथम मोटरच्या वाटेत मोठे रोध घालत. गाडी वेग घेऊ लागली की हे रोध एकेक करून वगळत. शिवाय डब्याच्या चार मोटारी आधी एकापाठोपाठ जोडत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला १५०० चा चौथा हिस्सा, ३७५ व्होल्ट येत. नंतर दोन-दोन मोटारींच्या जोड्या समांतर जोडल्या की प्रत्येकीला ७५० व्होल्ट मिळत. मोटरमनच्या डब्यात किंवा मोटर असलेल्या डब्यात उभे राहून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना स्थानक सोडताना येणारा 'खट्... खट्... खट्' असा आवाज आठवत असेल. तो रोध वगळणाऱ्या स्विचांचा आवाज. नववीच्या पुस्तकातली एकसर आणि समांतर जोडणी आपण रोज पायाखाली ऐकत होतो, आणि कोणत्याही शिक्षकाने आम्हांला ते सांगितले नव्हते. (त्यांनाही कोणी सांगितले नसणार.)

डीसीचा दोष वहनात आहे. वेग घेणाऱ्या लोकलला ३० लाख वॅट लागतात असे धरू. १५०० व्होल्टला त्यासाठी २००० अँपिअर प्रवाह लागेल. घरातल्या इस्त्रीला चार-पाच अँपिअर लागतात, म्हणजे ही चारशेहून अधिक इस्त्र्यांएवढी वीज एका तारेतून आली. तेवढीच शक्ती २५,००० व्होल्टला घेतली तर १२० अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २००० ला १२० ने भागून वर्ग करा, उत्तर सुमारे २७८ येईल. तार तीच असेल तर नुकसान २७८ पट! म्हणून डीसी मार्गावर तारा जाड लागतात आणि दर काही किलोमीटरवर एक उपकेंद्र लागते. एसी मार्गावर ४०-५० किलोमीटरवर एक पुरते.

मग आधीच जास्त व्होल्टची डीसी का घेतली नाही? कारण डीसीचे व्होल्ट रोहित्राने कमी-जास्त करता येत नाहीत. तारेत जे, तेच शेवटी मोटारीकडे. एसीचे तसे नाही. पण एसी घेतली तर तिचे डीसी करणारे यंत्र गाडीतच न्यावे लागते, आणि १९२५ मध्ये ते यंत्र एका इमारतीएवढे होते. उपकेंद्रांत प्रथम फिरती यंत्रे होती, पुढे पाऱ्याच्या वाफेचे दिष्टकारी आले आणि अखेरीस सिलिकॉनचे. सिलिकॉनने ते यंत्र इतके लहान केले की ते डब्यात मावू लागले. रुळांकाठच्या इमारतीतले काम गाडीतच होऊ लागले, आणि त्या इमारतींची गरज संपली. फ्रान्समधला अनुभव पाहून भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट एसीची पद्धत १९५७ मध्येच स्वीकारली होती. तेव्हापासून नवे विद्युतीकरण त्याच पद्धतीने होत गेले. मुंबईच्या भोवतीचा डीसीचा टापू मात्र तसाच राहिला. इगतपुरीच्या पुढे एसी, अलीकडे डीसी, म्हणून वर्षानुवर्षे इगतपुरीला इंजिन बदलत. आमच्या पिढीला ती थांबण्याची वेळ वड्यासाठी असते असे वाटे.

या शतकात घाटाकडून मुंबईकडे असा बदल टप्प्याटप्प्याने सरकत आला. ठाण्यापासून मुंबईपर्यंतचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये बदलला, हार्बर २०१६ मध्ये. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल धावत होत्या. डीसी आणि एसीच्या सीमेवर तारेचा एक तुकडा बिनविजेचा ठेवलेला असे. तिथून गाडी केवळ वेगाच्या जोरावर पुढे जाई आणि डब्यातले दिवे-पंखे काही क्षण बंद पडत. पंखे थांबले की गर्दीतून 'गेली वाटतं' असा सूर निघे. तो सगळ्या बदलाचा प्रवाशाला जाणवणारा एकमेव क्षण होता.

आता छायाचित्रांकडे येऊ. रेल्वेची जुनी छायाचित्रे किती जपून वाचावी लागतात, याचे एक उदाहरण ठाण्याचेच आहे. पाण्यावरच्या कमानींच्या पुलावरून गाडी चालली आहे असे एक जुने छायाचित्र 'भारतातली पहिली रेल्वेगाडी, १८५३' या ओळीसह पुष्कळदा छापले जाते. शाळांच्या भित्तिपत्रकांवरही आम्ही ते पाहिले आहे. विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा: पहिली गाडी कुठपर्यंत गेली? ठाण्यापर्यंत. आणि ठाण्याच्या खाडीवरचा पूल कुठे आहे? ठाण्याच्या पुढे, कल्याणच्या वाटेवर. तो मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. म्हणजे चित्रातला पूल ठाण्याच्या खाडीवरचा असेल, तर १६ एप्रिल १८५३ ची गाडी त्यावर असूच शकत नाही. छायाचित्र खरे आहे, खालची ओळ चुकीची आहे. हे ठरवायला कोणतेही दप्तरखाने धुंडाळावे लागले नाहीत, दोन तारखा आणि एक नकाशा पुरला.

याच्या उलट उदाहरण भोर घाटाचे. त्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईत आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही, काम पुढे नेले, आणि चालू कामाची छायाचित्रेही घेतली. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्या काळी घाटात एका ठिकाणी गाडीला थांबून दिशा उलटी करावी लागे. विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९ मध्ये, नवी आखणी होऊन तो थांबा संपला. त्या पहिल्या आखणीची, तिच्यावरच्या माणसांची आणि अवजारांची ओळख आज आपल्याला होते ती अशा छायाचित्रांमुळे. घाट बांधला जात असताना ही छायाचित्रे जुनी होतील असे कोणाला वाटले असेल?

आमच्या संग्रहात शेकडो छायाचित्रे आहेत आणि त्यांतली बरीचशी समोरून येणाऱ्या लोकलची आहेत. तोंडावरच्या पाटीवर 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे. 'एस' म्हणजे कर्जत आणि 'एन' म्हणजे कसारा, हे परगावच्या माणसाला कधीच कळले नाही. गाडी छान दिसते, सूर्यप्रकाश चांगला आहे. पण डीसी रेल्वे म्हणजे केवळ गाडी नव्हे. उपकेंद्राची इमारत, तिच्यावरचा यंत्रांचा तपशील, आखूड इन्सुलेटर, जाड तारांचे खांबावरचे बांधकाम, मोटरमनसमोरचे दट्टे आणि घड्याळे, कारशेडमध्ये उघडून ठेवलेली मोटर, यांतले फारच थोडे आम्ही टिपले. काही ठिकाणी परवानगी लागते आणि ती मागायचा आम्ही कंटाळा केला, हेही कबूल केले पाहिजे.

आवाज तर आम्ही जवळजवळ घेतलेच नाहीत. कल्याण परिसरात पूर्वी मालगाड्यांना लागणारे १९२८ च्या सुमाराचे स्विस धर्तीचे विजेचे इंजिन होते. पुढे-मागे लांब नाके आणि मध्ये खोली, चाकांना दांड्यांनी जोडलेल्या मोटारी. परदेशात त्या जातीला 'मगर' म्हणतात, आपल्याकडे रेल्वेच्या माणसांनी त्याला 'खेकडा' म्हटले, आणि त्यामागे त्याच्या कण्हण्यासारख्या विचित्र आवाजाचाही भाग होता. त्यांपैकी 'सर लेस्ली विल्सन' नावाचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. उभे असल्यामुळे त्याचा आवाज तिथे ऐकता येत नाही. जुन्या लोकलचा दातेरी चाकांचा चढत जाणारा घुमारा आणि नव्या लोकलचा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा शिट्टीसारखा सूर यांत फरक आहे. नव्या गाडीत इन्व्हर्टर दर सेकंदाला शेकडो वेळा वीज जोडतो-तोडतो आणि त्या वारंवारतेचाच सूर आपल्याला ऐकू येतो. हा फरक समजावून सांगायला दोन ध्वनिफिती शेजारी ठेवल्या असत्या तर वर्गातला उत्तम पाठ झाला असता. आमच्याकडे दुसरीच आहे.

चोळ्याच्या वीजकेंद्राचेही तसेच. बंद पडलेल्या इमारतीची छायाचित्रे मिळतात. पण ते चालू असताना कोळशाची वाघीण कशी रिकामी होई, पाळी कधी बदलत असे, भोंगा ऐकू येई का, हे त्या वस्तीतल्या वयस्कर माणसांनाच विचारावे लागेल, आणि तशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

छायाचित्रात येऊच शकत नाही असाही एक परिणाम आहे. डीसीचा प्रवाह तारेतून गाडीत येतो आणि रुळांवाटे उपकेंद्राकडे परततो. पण रूळ जमिनीवर आहेत, म्हणून थोडा प्रवाह जमिनीत गळतो आणि जवळच्या लोखंडी जलवाहिनीची सोपी वाट धरतो. उपकेंद्राजवळ तो वाहिनीतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडतो तिथे लोखंड विरघळते. हे विद्युत अपघटनच आहे. फॅरडेच्या नियमाने हिशेब करून पाहा: एक अँपिअर प्रवाह सतत वर्षभर वाहिला तर सुमारे ९ किलोग्रॅम लोखंड नाहीसे होते. एसीत प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, त्यामुळे हा त्रास फारच कमी होतो. तिचा त्रास वेगळा. बदलत्या प्रवाहामुळे शेजारून जाणाऱ्या दूरध्वनीच्या तारांत विभव निर्माण होतो, शिवाय २५,००० व्होल्टपासून अंतरही जास्त राखावे लागते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईचा १८७९ चा हँकॉक पूल पाडला गेला, त्यामागे पुलाखाली पुरेशी उंची नसणे हे एक कारण होते.

आता आमच्या मूर्खपणाची गोष्ट. अंकीय कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख-वेळ नोंदली जाते, म्हणून आम्ही वहीत काही लिहिले नाही. पुढे कळले की मध्यंतरी बॅटरी पार उतरल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर गेले होते. शे-सव्वाशे छायाचित्रांवर १ जानेवारीपासून पुढच्या, आणि त्याही भलत्याच सालातल्या तारखा आहेत. ठाणे-कल्याण टप्पा बदलला त्याच्या आगेमागेचीच ही छायाचित्रे! त्यापेक्षा आमच्यापैकी एकाच्या घरचा, आईचा डोंबिवलीच्या पुलावरचा जुना फोटो बरा. त्याच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे आणि त्यात दूरध्वनी क्रमांक सहा आकडी आहे. या शतकाच्या आरंभी क्रमांकांच्या आधी २ लागला, म्हणजे फोटो त्याआधीचा. एका शिक्क्याने इतके सांगितले.

मग आम्ही छायाचित्रांतूनच तारीख काढायला बसलो. पहिला विचार इन्सुलेटरचा. १५०० व्होल्टला आखूड पुरतो, २५,००० ला लांब लागतो. आखूड दिसला तर बदलाच्या आधीचे, लांब दिसला तर नंतरचे. दोन संध्याकाळी या हिशेबाने आम्ही गठ्ठे लावले. मग शंका आली. सगळे इन्सुलेटर एका रविवारात कसे बदलतील? ते कित्येक महिने आधीपासून बदलत आणले असणार. लांब इन्सुलेटर १५०० व्होल्टला चालतोच! म्हणजे आखूड इन्सुलेटर 'आधीचे' हे पक्के सांगतो, पण लांब इन्सुलेटर 'नंतरचे' असे सांगत नाही. निम्मे गठ्ठे मोडावे लागले.

याच सुमारास आमच्या ओळखीचे एक निवृत्त मोटरमन, वय ऐंशीच्या घरात, छायाचित्रे पाहायला तयार झाले. त्यांनी चष्मा लावून एकेक चित्र पाहिले. गाडीच्या तोंडाकडे त्यांचे लक्षच नव्हते.

"टप दाखवा," ते म्हणाले.

"टप कशाला, काका?"

"अहो, एसीवर चालणाऱ्या गाडीच्या टपावर जास्तीचं सामान असतं. नुसत्या डीसीच्या गाडीच्या टपावर पेंटोग्राफ सोडला तर फारसं काही नाही. डीसीची गाडी एसीच्या तारेखाली येऊच शकत नाही, जळेल ती."

म्हणजे लांब इन्सुलेटर आणि नुसती डीसीची गाडी असे एकत्र दिसले, तर ते छायाचित्र दोन्ही घटनांच्या मधल्या काळातले. इन्सुलेटर बदलून झाले होते, वीज बदलायची होती. दोन्ही प्रवाहांची गाडी दिसली तर मात्र काहीच ठरत नाही. या कसोटीने शे-सव्वाशेपैकी पंचवीसएक छायाचित्रांचा काळ बऱ्यापैकी बांधता आला. मग काकांनी चहाचा पेला बाजूला सारला, टेबलावर पालथी मूठ ठेवली आणि हँडल कसे सतत दाबून धरावे लागे ते दाखवले. हात सुटला की ब्रेक लागे. "इथं सिरीज," मूठ थोडी वळवून ते म्हणाले, "आणि इथं पॅरलल." मध्ये किती थांबायचे ते त्यांना कानाने कळे. हे सगळे त्या दिवशी आम्ही चित्रित केले. तारीख वहीत लिहिली.

शिक्षकांना यातून काही करून पाहता येईल. जवळच्या जुन्या स्थानकाच्या छपराचे खांब पाहायला विद्यार्थ्यांना न्यावे. ते पुष्कळदा जुने रूळच असतात आणि कडेला कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. ते साल रूळ तयार झाल्याचे असते, छपराचे नव्हे, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. स्थानकप्रमुखांना आधी पत्र द्यावे, फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत राहावे आणि रुळांत उतरू नये. प्रत्येक छायाचित्रामागे जागा, दिशा, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे प्रश्न नेमके हवेत. 'पूर्वीची लोकल कशी होती?' याला 'गर्दी कमी होती' एवढेच उत्तर मिळते. 'दिवे कुठे जात?', 'पारसिकच्या बोगद्यात खिडकी लावायचा का?' असे विचारले की माणूस बोलू लागतो. हा दुसरा प्रश्न आता लवकर विचारावा. ठाणे-दिवा दरम्यानचे नवे मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यावर जलद लोकल पारसिक बोगद्यातून जाईनाशा झाल्या. बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. जलद लोकलमध्ये बोगदा आला की पोरे आरडाओरडा करत. आज प्राथमिक शाळेत असलेल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना ते माहीत नसणार. आम्ही शोधले, त्या ओरड्याची एकही ध्वनिफीत आमच्यापाशी नाही.

गठ्ठ्यात एक छायाचित्र अजून बाजूला ठेवलेले आहे. ठाकुर्लीचा फलाट, पावसाळी उजेड, लांब इन्सुलेटर, गाडी थांबलेली. आमच्या अंदाजाने ते बदलाच्या अगदी जवळच्या दिवसातले आहे, कदाचित त्याच आठवड्यातले नसेल, पण त्याच वर्षातले. काकांनी ते तीनदा पाहिले. घेणाऱ्याने कॅमेरा खाली धरला होता, आणि गाडीचा टप चित्राच्या वरच्या कडेला कापला गेला आहे.